पावसाळ्यापूर्वी परसातल्या सातेरीच्या पेट्यांची तयारी कशी करावी?

आगरातली पेटी (प्रश्न)

नमस्कार. गुहागर तालुक्यात आमच्या घरामागे नारळ-सुपारीचे आगर आहे आणि त्याच्या कडेला, कोकमाच्या झाडाखाली, सातेरी या देशी मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेवल्या आहेत. दोन्ही पेट्या भारतीय मानकाच्या ‘अ’ प्रकारच्या, आठ चौकटींच्या असून गेल्या पौषात वसाहतींसह आणल्या. काजू आणि आंबा मोहरावर असताना, आणि पुढे जांभूळ फुलला तेव्हाही, दोन्हींचे काम उत्तम चालले होते.

आता मे महिना अर्धा सरला आहे. पहिल्या पेटीत शिशुकोठीतल्या (अंडी-अळ्यांच्या खालच्या कोठीतल्या) आठही चौकटी माश्यांनी झाकलेल्या आहेत आणि वरच्या मधकोठीत चार चौकटी मध आहे. दुसऱ्या पेटीत मात्र माश्या जेमतेम चार चौकटींवर दिसतात. कडेची दोन पोळी काळी पडली असून त्यांत पांढरट जाळ्या आहेत, आणि तळपाटावर मेणाचा भुगा साचून त्यात करड्या रंगाच्या अळ्या वळवळताना दिसतात. मधकोठी रिकामीच आहे.

आमच्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत पावसाची झड असते. या काळात माश्यांना बाहेर काही मिळत नाही, हे ठाऊक आहे. पण त्यासाठी नेमकी कोणती तयारी करावी, याविषयी जो तो वेगळे सांगतो. गावातल्या एका जाणत्या गृहस्थांचे म्हणणे असे, की पावसात पेटीतला मध आंबतो, म्हणून शिशुकोठीतल्यासह सगळा मध आताच काढून घ्यावा. दुसऱ्या एकाने दोन्ही वसाहती एकत्र करण्याचा सल्ला दिला. व्हिडिओंमध्ये माइट नावाच्या गोचिडीसाठी औषधाच्या पट्ट्या लावायला सांगतात. यांतले काय करावे आणि काय टाळावे, हे सातेरी प्रत्यक्ष पाळणाऱ्यांकडून समजून घ्यायचे आहे. दुबळी वसाहत वाचवता आली तर मला फार आनंद होईल.

हिरडा-जांभूळ

मी महाबळेश्वरच्या बाजूला सातेरीच पाळतो. आमच्याकडे पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, त्यामुळे आपला प्रश्न आमच्यासाठी दरवर्षीचा आहे. पावसाळ्यात पेटी तगते की रिकामी होते, याचा निकाल बहुतेक वेळा मे महिन्यातच लागलेला असतो. आपण योग्य वेळी विचारले आहे.

आधी दुबळ्या पेटीविषयी, कारण तिथे वेळ दवडून चालणार नाही. आपण ज्या अळ्या पाहिल्या त्या मेणपतंगाच्या आहेत. मेणपतंगामुळे वसाहत दुबळी झाली, असे आपल्याला वाटत असेल. परंतु क्रम बहुधा उलटा असतो. माश्या कमी झाल्या, त्यांना झाकता येईना अशी पोळी पेटीत उरली, आणि त्या मोकळ्या पोळ्यांवर पतंगाने हक्क सांगितला. सातेरी माशी मेलिफेरा या युरोपीय माशीप्रमाणे झाडांची राळ आणून फटी बुजवत नाही, शिवाय जुने झालेले पोळे ती स्वतःच कुरतडून खाली पाडते. तो भुगा तळपाटावर साचतो आणि पतंगाच्या अळ्यांची पहिली वाढ त्यातच होते. काळ्या पोळ्यात कोषांच्या साली आणि परागाचे अवशेष असतात, म्हणून या अळ्यांना नव्या पांढऱ्या मेणापेक्षा जुने काळे पोळे अधिक मानवते. यावर औषध शोधू नये. पेटीत माश्या जेवढी पोळी झाकू शकतात तेवढीच पोळी ठेवावीत. सातेरीच्या बाबतीत मी कोणाला एकच गोष्ट सांगायची झाली तर हीच सांगेन.

चांगले ऊन पडलेल्या सकाळी, दहाच्या सुमारास पेटी उघडा. धूर थोडाच आणि थंड असावा. नारळाच्या सोडणाचा धूर पुरतो. प्रथम राणी कोणत्या पोळ्यावर आहे ते पाहा आणि ती चौकट अलगद बाजूला ठेवा. कडेच्या दोन जाळीदार पोळ्यांवरच्या माश्या पेटीतच झटकून ती पोळी काढून घ्या आणि त्याच दिवशी वितळवा किंवा जाळून टाका. परसात टाकून दिलेले पोळे म्हणजे पतंगांची पैदास. ज्या चौकटी रिकाम्या आहेत किंवा ज्यांवर माश्या नाहीत, त्याही काढा. उरलेल्या चार चौकटी पेटीच्या एका बाजूला एकमेकींलगत सरकवून त्यांच्यापुढे पेटीच्या मापाची लाकडी फळी उभी लावा, म्हणजे माश्यांना तेवढीच खोली उबदार ठेवावी लागेल. अंडी-अळ्यांच्या जागेचे तापमान ३३ ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखणे हे माश्यांचे काम आहे आणि मोठ्या रिकाम्या पेटीत मूठभर माश्यांना ते झेपत नाही. रिकामी मधकोठीही उतरवून ठेवा. तळपाट बाहेर काढून पटाशीने खरवडा, फटींमधून जळता काकडा फिरवा आणि मगच परत बसवा. पाऊस लागेपर्यंत दर आठवड्याला तळपाट साफ केला, तर पतंग पुन्हा बस्तान बसवत नाही.

पोळी हातात आहेत तोवर अंडी जरूर पाहा. सूर्याकडे पाठ करून, पोळे किंचित तिरके धरले म्हणजे घराच्या तळाशी तांदळाच्या कणीहूनही बारीक, उभे अंडे दिसते. एका घरात एकच अंडे आणि ते तळाच्या मध्यावर असेल, तर राणी आहे आणि काम करते आहे. एका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, आणि कामकरी माश्यांच्या लहान घरांवर फुगीर टोप्या दिसल्या, तर राणी नाहीशी होऊन कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत, असे समजावे. सातेरीत ही अवस्था फार लवकर येते. अशी वसाहत सावरण्यात श्रम घालवू नयेत.

राणी असेल, पण जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वसाहत चार चौकटी भरून दाट झाली नाही, तर ती पहिल्या पेटीत मिसळावी असे माझे मत आहे. त्यासाठी दुबळ्या पेटीतली राणी एक दिवस आधी काढावी, सबळ पेटीच्या शिशुकोठीवर वर्तमानपत्राचा एक कागद पसरून त्याला टाचणीने काही भोके पाडावीत, कागदावर साखरपाण्याचा हात फिरवावा आणि तिन्हीसांजेला दुबळी शिशुकोठी त्यावर ठेवावी. माश्या कागद कुरतडत एकमेकींत मिसळतात आणि तोवर दोन्हीकडचा वास एक झालेला असतो.

मधाविषयी आपल्या गावातल्या गृहस्थांचे म्हणणे मान्य करता येत नाही. माश्यांनी मेणाची टोपी घालून बंद केलेला मध पेटीत आंबत नाही. त्यातले पाणी पंखांनी वारा घालून उडवल्यावरच त्या टोपी घालतात. आंबतो तो आपण घाईने काढलेला, टोपी न घातलेला पातळ मध, आणि तोही बरणीत. शिशुकोठीत पोळ्याच्या वरच्या भागात जी मधाची कमान असते, ती माश्यांची पावसाळ्याची बेगमी आहे. तिला कोणत्याही कारणाने हात लावू नये. मधकोठीतल्या ज्या चौकटींवर तीन-चतुर्थांशाहून अधिक टोप्या आहेत त्यांतल्या दोन घ्या आणि दोन राहू द्या. त्या दोन चौकटींचा मध आपल्याला बाजारात जेवढे पैसे देईल, त्याहून नवी वसाहत आणण्याचा खर्च कितीतरी अधिक आहे.

सत्तरीकर

मी गोव्यात, सत्तरी भागात पेट्या ठेवतो. वरचा प्रतिसाद अतिशय नेमका आहे. परंतु वसाहती मिसळण्याच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे आणि त्याचे कारण मांडतो.

समजा, आपण दोन्ही वसाहती एक केल्या आणि जुलैत त्या एकमेव पेटीतली राणी काही कारणाने गेली. माश्या तातडीने नवी राणी वाढवतील, पण त्या कुमारी राणीला मिलनासाठी उघडीप पडलेली दुपार लागते आणि आकाशात पुरेसे नर लागतात. आपल्या पट्ट्यात जुलैमध्ये या दोन्ही गोष्टींचा भरवसा नाही. दुसऱ्या पेटीत, भले ती चार चौकटींची असो, अंडी घालणारी राणी असली तर आपल्या हाती उपाय उरतो. ज्यांच्याकडे दहा-बारा पेट्या आहेत त्यांनी दुबळ्या वसाहती खुशाल मिसळाव्यात. ज्यांच्याकडे दोनच आहेत त्यांनी शक्यतो दोन्ही राखाव्यात.

त्यासाठी सबळ पेटीतली, टोप्या घातलेल्या कोषांनी भरलेली एक चौकट दुबळ्या पेटीला द्यावी. उघड्या अळ्यांची चौकट देऊ नये, कारण त्यांना भरवायला दाई माश्या लागतात आणि नेमक्या त्याच तिथे कमी आहेत. बंद कोषांना फक्त ऊब लागते आणि आठवड्याभरात त्यांतून शेकडो तरुण माश्या बाहेर पडतात. चौकट देताना तिच्यावरची एकूण एक माशी मूळ पेटीत झटकावी आणि राणी तिच्यावर नाही याची दोनदा खात्री करावी. पेट्यांच्या जागांची अदलाबदल करून माश्या वळवण्याची युक्ती काही जण सांगतात. सातेरीत त्यामुळे मारामारी होऊन दोन्हीकडे नुकसान होते, म्हणून ती टाळावी.

साखरपाण्याविषयी आपण थेट विचारले नसले, तरी पावसाळ्यात ते लागेलच. उकळून कोमट झालेल्या पाण्यात तेवढीच साखर विरघळवावी, चुलीवर ठेवून पाक करू नये, कारण करपलेली साखर माश्यांना बाधते. गूळ देऊ नये, त्याने त्यांना हगवण लागते. विकतचा मधही देऊ नये, कारण त्यातून रोग येऊ शकतो. शिशुकोठीच्या चौकटींवर रिकामी मधकोठी ठेवून तिच्यात नारळाची करवंटी बसवावी, तिच्यात सुमारे दोनशे मिलिलिटर साखरपाणी ओतावे आणि माश्या बुडू नयेत म्हणून वर गवताच्या चार काड्या टाकाव्यात. हे काम नेहमी अंधार पडता पडता करावे आणि दोन्ही पेट्यांना एकाच वेळी द्यावे. दिवसा दिले, किंवा थेंब बाहेर सांडले, तर सबळ पेटीच्या माश्या दुबळीवर दरोडा घालतात, आणि एकदा ही लूट सुरू झाली की दुबळी वसाहत एका दिवसात उजाड होते. सलग झड असेल तेव्हा आठवड्यातून दोनदा देणे पुरते. दुसऱ्या दिवशी उरलेले पाणी फेकून करवंटी धुवावी, नाहीतर ते आंबते.

पावसाइतकाच ओल हाही शत्रू आहे. पेटीचे तोंड नैर्ऋत्येला असेल तर आत्ताच फिरवा, आणि त्या बाजूला झावळ्यांचा झाप उभा करा. पेटीखालची घोडी दीड-दोन फूट उंच असावी आणि पेटी दाराकडे किंचित कललेली असावी, म्हणजे आत गेलेले पाणी बाहेर येते. झाकणावर पत्रा टाकताना मध्ये दोन पट्ट्या ठेवून हवेला वाट द्या. प्लास्टिकचा कागद पेटीभोवती गुंडाळू नका. आतल्या वाफेचे पाणी होऊन पोळ्यांना बुरशी धरते. घोडीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या असतीलच. पावसात त्या भरून वाहतात हे खरे, पण मुंगळे वाटीतून येण्यापेक्षा घोडीला टेकलेल्या गवताच्या पात्यावरून किंवा वाकलेल्या फांदीवरून अधिक येतात, म्हणून भोवतालची जागा हातभर मोकळी ठेवावी.

द्राक्षपंढरी

मी नाशिक भागात मेलिफेरा पाळतो आणि कांद्याचे बियाणे, सूर्यफूल, डाळिंब यांच्या फुलोऱ्यामागे पेट्या हलवतो, त्यामुळे सातेरीविषयी अधिकाराने बोलणार नाही. परंतु आपण जे व्हिडिओ पाहता ते बहुतांशी मेलिफेराचे असतात, एवढे आवर्जून सांगावेसे वाटते. ही युरोपीय माशी १९६० च्या दशकात पंजाब-हिमाचलच्या बाजूने भारतात रुजली. तिची पेटी मोठी, घर मोठे, चौकटींमधले अंतर अधिक. तिच्या मापाचा मेणपत्रा (पोळ्याचा पाया म्हणून चौकटीत लावायचा मेणाचा पातळ पत्रा) सातेरीला दिला तर ती त्यावर वेडेवाकडे पोळे बांधते, कारण सातेरीच्या कामकरी माशीचे घर त्याहून लहान असते. आमची माशी भूक लागली तरी बहुधा पेटी धरून राहते. सातेरी उपाशी राहिली किंवा फार छेडली गेली तर घर सोडून जाते. आम्ही दर आठवड्याला चौकटी उघडून पाहतो, म्हणून आपणही पावसात तसे करावे, असे मुळीच नाही.

कीटकवाचक

औषधी पट्ट्यांचा मुद्दा कोणी घेतला नाही, म्हणून लिहितो. ज्या माइटसाठी त्या पट्ट्या असतात, त्या व्हरोआ माइटचे मूळ यजमान आपल्याच आशियाई माशीचे कुळ आहे. शास्त्रात या माइटची पहिली नोंद १९०४ साली जावा बेटावर, याच माशीवर झाली. हजारो वर्षांच्या सहवासात सातेरीने तिच्याशी जुळवून घेतले आहे. कामकरी माश्या एकमेकींच्या अंगावरची माइट चावून काढतात आणि माइटची वाढ मुख्यतः नरांच्या घरांतच होते, जी वर्षातला थोडाच काळ असतात. मेलिफेराला हा बचाव नीट जमत नाही, म्हणून तिथे पट्ट्या लागतात. सातेरीच्या परसातल्या पेटीत त्या लावल्याने लाभ काही होणार नाही; उलट त्यांतले रसायन मेणात आणि मधात उतरण्याचा धोका आहे.

सातेरीच्या पाळकाने ज्या रोगाची ओळख करून घ्यायला हवी, तो थाई सॅकब्रूड. हा विषाणूजन्य रोग आहे. १९९१-९२ च्या सुमारास तो दक्षिण भारतात पसरला तेव्हा केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूतल्या सातेरीच्या वसाहतींचा फार मोठा संहार झाला. टोपी घालण्याच्या सुमारास अळी मरते, घरात पाठीवर ताणून पडलेली दिसते, तिचे डोके वर वळलेले असते, आणि चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अखंड निघते. अशा पोळ्यावर टोप्यांना भोके पडलेली आणि घरे विरळ, मध्ये मध्ये रिकामी दिसतात. एक खूण मात्र गोंधळात टाकते: सातेरीच्या नरांच्या घराच्या टोपीला मधोमध एक बारीक छिद्र निसर्गतःच असते, तो रोग नव्हे.

विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत, त्यामुळे कोणी पावडर देऊ केली तर घेऊ नये. रोगट पोळी जाळावीत, वसाहत आवळून दाट ठेवावी, पुरेसे खाद्य द्यावे आणि शक्य झाल्यास राणी बदलावी. मधल्या काळात अंडी थांबल्याने रोगाची साखळी तुटते. म्हणूनच सत्तरीकर यांनी सुचवलेली चौकट दुसऱ्या पेटीत देण्यापूर्वी दोन्ही पेट्यांतल्या अळ्या एकदा बारकाईने तपासाव्यात. निरोगी अळी मोत्यासारखी पांढरी असते आणि घराच्या तळाशी वळून पडलेली असते. शंका आली तर पोळ्याचा तुकडा घेऊन पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेशी संपर्क साधावा. १९६२ पासून ही संस्था याच कामासाठी आहे. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मधसंचालनालय आहे आणि तिथे प्रशिक्षणही मिळते.

आगरातली पेटी

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे दोन्ही पेट्या उघडून पाहिल्या. दुबळ्या पेटीत एका घरात एकच, उभे अंडे दिसले आणि तिसऱ्या चौकटीवर राणीही दिसली. तिच्या पोटाचा रंग गडद असून चाल संथ होती. अळ्या पांढऱ्याशुभ्र आहेत. जाळीदार पोळी जाळली, चार चौकटी एका बाजूला घेऊन फळी लावली आणि सबळ पेटीतली बंद कोषांची एक चौकट माश्या झटकून दिली. दोनच पेट्या असल्याने सत्तरीकर यांचे म्हणणे मला पटले. तूर्त दोन्ही राखणार आहे. मधकोठीतल्या दोन चौकटी ठेवून दोनच घेतल्या.

आता तीन अडचणी उरतात. पेट्यांसमोरून शेजाऱ्यांच्या विहिरीकडे जाणारी वाट आहे, त्यांच्या घरात लहान मुले आहेत, आणि मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलाला कपाळावर एक माशी चावली. त्यांनी आजवर काही म्हटले नाही, परंतु त्यांच्या मनाविरुद्ध काही करण्याची माझी इच्छा नाही. दुसरे, गांधीलमाश्या दारासमोर घिरट्या घालून माश्या उचलून नेतात. तिसरे, त्याच शेजाऱ्यांची हापूसची कलमे आहेत आणि मोहराच्या वेळी ते तुडतुड्यांसाठी फवारणी करतात. येत्या हंगामात त्याचे काय करावे?

हिरडा-जांभूळ

राणी दिसली आणि अंडी आहेत, तर सत्तरीकर यांचाच मार्ग योग्य. दोन पेट्यांच्या पाळकाला तो अधिक लागू पडतो, हे मी मान्य करतो.

शेजाऱ्यांचा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. माशी दारातून निघाल्यावर सरळ रेषेत, सुरुवातीला कमरेच्या उंचीवरून जाते. वाट तिथेच आडवी आली तर टक्कर होते. पेटीचे तोंड वाटेकडून फिरवून आगराच्या आतल्या बाजूला करावे आणि दारासमोर चार-पाच हातांवर पुरुषभर उंचीचे कुंपण करावे. झापांचे चालेल, जास्वंदीचे त्याहून उत्तम. माश्या तिथे येताच वर चढतात आणि माणसांच्या डोक्यावरून निघून जातात. पेटी दुसरीकडे न्यायची असेल, तर आत्ता उघडिपीत एकदम वीस-तीस फूट हलवू नका, कारण माश्या जुन्याच जागी परत येऊन घुटमळत राहतात. एक तर रोज फूटभर सरकवावी, नाहीतर जूनमध्ये चार दिवसांची सलग झड लागेल तेव्हा रात्री हलवून दारासमोर एक पानांची डहाळी आडवी ठेवावी. बाहेर पडताना वेगळे काही दिसले की माशी थांबून नव्या जागेची नोंद घेते.

शेजाऱ्यांना हेही समजावून द्या, की माशी चावली तर काटा चिमटीत धरून ओढायचा नाही. नखाने किंवा सुरीच्या बोथट बाजूने लगेच खरवडून काढायचा, कारण काटा जितका वेळ राहतो तितके विष आत जाते. मग ती जागा धुवावी, कारण काट्याजवळचा वास इतर माश्यांना चेतवतो. थोडी सूज आणि खाज येणारच. परंतु धाप लागली, ओठ-चेहरा सुजला, अंगभर पित्त उठले किंवा चक्कर आली, तर एक क्षणही न थांबता दवाखाना गाठावा. घरगुती उपायांत वेळ घालवू नये. मधाची पहिली बरणी त्यांच्या घरी जावी, हे आपण करतच असाल.

गांधीलमाश्यांसाठी दाराची उंची कमी करा. सातेरी सहज जाईल आणि गांधीलमाशीला डोके घालता येणार नाही एवढीच फट ठेवायची. सबळ वसाहत स्वतःही लढते, अनेक माश्या गांधीलमाशीला घेरून तिचा गोळा करतात आणि अंगाच्या उष्णतेने तिला मारतात. दुबळ्या पेटीला हे जमत नाही, म्हणून तिच्याकडे आधी लक्ष द्या. जवळपास त्यांचे पोळे असेल तर ते जाणकाराकडून काढून घ्यावे, स्वतः काठी घालू नये.

एकदा झड सुरू झाली की चौकटी उघडू नका. पेटीची मागची कड बोटांनी किंचित उचलून वजन पाहायचे, तळपाटावर भुगा वाढला का ते पाहायचे, आणि उघडीप पडेल तेव्हा येणाऱ्या माश्यांच्या पायांवर पराग आहे का ते पाहायचे. पराग येत असेल तर आत अळ्या आहेत आणि वसाहत जाणार नाही. उघडीप असूनही पराग यायचा थांबला आणि पेटी हलकी लागली, तर घर सोडण्याची तयारी चालू आहे असे समजून त्याच संध्याकाळी साखरपाणी द्यावे.

सत्तरीकर

थोडी भर घालतो. अशा वेळी काही दिवस राणीद्वार लावून ठेवता येते. त्यातून कामकरी माश्या जातात, राणी जात नाही. परंतु भूक न भागवता नुसते दार अडवले, तर आतल्या आत वसाहत संपते, म्हणून खाद्य आधी आणि राणीद्वार नंतर. आणि ते कायम ठेवू नये, कारण नरही त्यातून जाऊ शकत नाहीत आणि कुमारी राणी असेल तर तिचे मिलन अडते. पाऊस ओसरताना तेरडा, सोनकी आणि मागोमाग किंजळ फुलला, पोळ्याच्या वरच्या कडेला नवे पांढरे मेण दिसू लागले, की साखरपाणी त्याच दिवशी बंद करावे. मधकोठी त्यानंतरच चढवायची, म्हणजे साखरेचा अंश मधात येत नाही.

कीटकवाचक

फवारणीविषयी. शेजाऱ्यांना फवारणी थांबवा असे सांगणे व्यवहार्य नाही, कारण तुडतुड्यांनी मोहर गेला तर त्यांचे वर्षाचे उत्पन्न जाते. त्यांच्याशी बोलणे मात्र मोहर येण्यापूर्वी, कार्तिक-मार्गशीर्षातच करावे. मोहर फुलण्याआधीची फवारणी माश्यांना फारशी घातक नसते, म्हणून ती वेळेवर आणि नीट झाली तर फुलोऱ्यातली एखादी फवारणी टळू शकते. फुलोऱ्यात करावीच लागली तर ती सूर्यास्तानंतर करावी, जेव्हा माश्या पेटीत परतलेल्या असतात, आणि आदल्या दिवशी आपल्याला कळवावे, एवढी विनंती शेजारी सहसा मान्य करतात. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके मधुरस आणि परागातही उतरतात, त्यामुळे उघड्या मोहरावर ती टाळणे उत्तम.

निरोप मिळाला की अंधार पडल्यावर दोन्ही पेट्यांच्या दारांना बारीक तारेची जाळी लावावी. फळी लावून दार ठोकू नये, आत गुदमरून आणि तापून पोळी कोसळतात. झाकणाखाली दोन काड्या ठेवून हवेला वाट करावी, पण फटही जाळीने झाकावी. आत करवंटीत साधे पाणी ठेवावे, पेटीवर दिवसभर सावली राहील असे पाहावे आणि ओले गोणपाट वर टाकावे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार उघडावे. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच्या परिघात फिरते, त्यामुळे एकाच शेजाऱ्याशी बोलून भागणार नाही. वाडीतल्या कलमवाल्या सगळ्यांना एकदा भेटून यावे.